टेबलाखालची फरशी

माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून माणसांना निवांत वाटेल अशी जागा सजवायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा आमचे हे इतके हसले की चहा नाकातून आला.

“तू? आणि निवांत?”

“मी कशाला निवांत हवी? जागा हवी. दाढा काढणाऱ्याची स्वतःची दाढ दुखली म्हणून तो काय दवाखान्याला कुलूप लावतो?”

मी दुकानं, दवाखाने, लोकांची घरं आतून सजवते. हे काम मात्र घरातलंच होतं, माझ्या धाकट्या जावेचं. आमच्या घरात मी थोरली आणि ती धाकटी. सासूबाईंनी ती लग्न होऊन आली त्या दिवशी अशा हाका मारायला सुरुवात केली आणि आता आमचे नवरेसुद्धा तेच म्हणतात. जावाजावांचं पटत नाही अशी जगाची समजूत आहे. आमचं उत्तम पटतं, कारण भांडायचं काम मी एकटी करते आणि ऐकून घ्यायचं ती.

धाकटी मसाज करते. एका मोठ्या हॉटेलच्या तळघरात स्पा आहे, तिथं लग्नाच्या आधीपासून कामाला. हातात काय जादू आहे पोरीच्या! मान ताठलेला माणूस तिच्या हाताखालून उठला की चपला कुठं काढल्या तेही विसरतो. पण तळघर ते तळघर. सकाळी जिना उतरायची, ती संध्याकाळी वर यायची. बाहेर ऊन आहे की आभाळ आहे, हे तिला गिऱ्हाइकाच्या अंगाला हात लावून कळायचं.

एके दिवशी जेवताना ती खाली मान घालून म्हणाली, “ताई, मला स्वतःचं काढायचंय.”

एवढंच बोलली. माझा घास हातात राहिला. या मुलीने आमच्या घरात कधी पंखा वाढवा असंसुद्धा सांगितलं नव्हतं.

जागा तिनेच शोधली होती. रहदारीच्या रस्त्यावर, एका बाजूला चष्म्याचं दुकान, दुसऱ्या बाजूला किल्ल्या बनवणारा, आणि मधे बंद पडलेलं झेरॉक्सचं दुकान. आत शाईचा वास, भिंतीवर जुने कॅलेंडरचे खिळे. मी नाक मुरडलं. ती मात्र आत गेली, दोन्ही हात पसरून उभी राहिली आणि म्हणाली, “इथं टेबल. इथं कपाट. आणि ताई, मागची भिंत फोडून तिथं एक खिडकी करता येईल का गं?” तिचा चेहरा असा फुलला होता की नाही म्हणायची माझी काय बिशाद.

अडचण एकच होती. हॉटेलच्या मॅनेजरने तिला सुट्टी दिली होती, पण अट घालून. अमुक रविवारी संध्याकाळपर्यंत परत येते की नाही सांगायचं. नाही म्हटलं की तिची जागा दुसरीला, आणि मग ते दार कायमचं बंद. धाकटीने तो रविवार चाचणीचा ठरवला. घरच्या नि शेजारच्या माणसांना टेबलावर घ्यायचं. “माझ्या हातांना कळेल, ताई. माणूस सैल झाला तर सोमवारी आपलं दार उघडायचं. नाही झाला तर मी निमूटपणे खाली उतरेन.” खाली म्हणजे त्या तळघरात.

मी पदर खोचला. रस्त्याचा गोंगाट सरळ आत येऊ नये म्हणून दारातून आल्यावर एक वळण दिलं, आणि त्या वळणावर जाड शेवाळी पडदा लावला. तो पडदा मिळेपर्यंत मी बाजारातल्या झाडून सगळ्या कापडवाल्यांचं डोकं खाल्लं होतं. भिंतींना ओल्या वाळूचा रंग दिला. रंगाऱ्याने तीनदा चुकीचा लावला आणि तीनदा माझ्या शिव्या खाल्ल्या. छताला एकही उघडा दिवा ठेवला नाही, सगळे पट्टीच्या आड, नुसता उजेड दिसावा. दाराच्या बिजागऱ्या अशा की पापणीचा आवाज होईल, पण त्यांचा नाही. मागे खिडकी फोडली, आणि खिडकीबाहेर बोळ होता म्हणून तिथं वेल चढवला.

कारंजं घालायला मी साफ नकार दिला. धाकटीच्या हॉटेलात होतं. मी विचारलं, “खरं सांग, त्या आवाजाने लोकांना काय होतं?” तर म्हणाली, “दर थोड्या वेळाने बाथरूमला जावं लागतं.” झालं तर मग!

आणि फरशी! पांढऱ्या सिमेंटमधे काळ्या-तपकिरी दगडाची बारीक बारीक चिप घातलेली, घासून घासून आरसा केलेली मोझॅकची फरशी. ती माझी लाडकी. ती दिसावी म्हणून मी मसाजच्या टेबलाखाली एक लपवलेला दिवाही लावला, म्हणजे टेबल जमिनीवर तरंगतंय असं वाटायचं. जो यायचा तो दारात उभा राहून “अहाहा” म्हणायचा. मीही म्हणायचे. आपलीच पाठ आपण थोपटायला काय जातं?

तो रविवार उजाडला. पहिला मान सासूबाईंचा. त्या नवी साडी नेसून आल्या होत्या.

“आई, ती काढून ठेवायचीय,” धाकटी म्हणाली.

“मग नेसले कशाला मी? आधी सांगायचं की!”

चष्मा, बांगड्या, साडी सगळं खुर्चीवर गेलं, आणि चादर पांघरून सासूबाई टेबलावर पालथ्या झोपल्या. मसाजच्या टेबलाला डोक्याच्या बाजूला एक गोल भोक असतं, तोंड त्यात ठेवायचं, म्हणजे मान वाकडी होत नाही आणि श्वास मोकळा घेता येतो. सासूबाईंनी तोंड ठेवलं. मी बाहेर येऊन बाकावर बसले आणि डोळे मिटले. आतून कसलाही आवाज नव्हता. मला वाटलं, जिंकलो.

आणि एकदम आतून बोंब उठली. “मुंग्या! अगं बाई, मुंग्या गं!”

मी धावत आत. सासूबाई चादर लपेटून टेबलावर उकिडव्या बसलेल्या, पाय वर घेतलेले, आणि धाकटी तेलाने माखलेले हात हवेत धरून उभी.

“कुठायत?”

“खाली! नुसतं वारूळ फुटलंय! रांगच्या रांग इकडून तिकडं चाललीय!”

मी गुडघ्यांवर बसून टेबलाखाली डोकं घातलं. एक मुंगी नाही. बॅटरी आणून कोपरे पाहिले. एक नाही. सासूबाईंनी चष्मा घातला, वाकून पाहिलं आणि तोंड वाकडं करून म्हणाल्या, “गेल्या वाटतं.”

“आई, चष्मा नव्हता ना तुम्हाला.”

“चष्मा नव्हता, डोळे होते,” त्या म्हणाल्या आणि साडी नेसायला गेल्या. परत झोपायला काही तयार होईनात.

त्यांच्यामागून शेजारचे चष्मेवाले आले. सभ्य माणूस, हळू बोलणारे. ते झोपले, पूर्ण वेळ झोपले, उठून म्हणाले, “छान. फार छान आहे हो.” पण जाताना पाणी मागितलं आणि दोन ग्लास पिऊन गेले. मी धाकटीकडे पाहिलं. ती हात पुसत होती.

“काय झालं?”

“त्यांचे खांदे आले तेव्हा मऊ होते, ताई. माझ्या हाताखाली दगड झाले.”

“त्यांच्या घरी काही भानगड असेल,” मी म्हटलं.

मग आमच्या ह्यांना झोपवलं. आता सांगते, आमचे हे कुठेही झोपतात. बँकेच्या रांगेत उभ्याने झोपतात. आमच्या लग्नात फोटो काढता काढता झोपले होते, अल्बममधे आहे. टेबलावर पडल्यावर ह्यांच्या घोरण्याने वेल गळून पडेल की काय अशी मला काळजी. पण खोलीतून एक घोरणं नाही! थोड्या वेळाने हे पिवळ्या चेहऱ्याने बाहेर आले.

“कसंतरीच होतंय गं. बोटीत बसल्यासारखं.”

“सकाळी हाणलंय किती ते आठवा,” मी म्हटलं. पण मलाच ते पटेना. हे झोपले नाहीत म्हणजे कुठंतरी पाणी मुरत होतं.

हे आणि सासूबाई बाहेर बाकावर बसले. मी आत गेले तर धाकटी खिडकीशी उभी होती. तेलाची बाटली तिने कपाटात ठेवून दिली होती, झाकण घट्ट लावून.

“ताई, जागेत काही खोट नाही,” ती म्हणाली. “जागा देवळासारखी झालीय. खोट माझ्यात आहे. तिथं हॉटेलचं नाव होतं, लोक आधीच निम्मे सैल होऊन यायचे, आणि मला वाटायचं माझे हात करतात. एकटीच्या हातांत काही नाही.”

“गप्प बस! काहीतरी बडबडू नकोस!”

“मी सरांना फोन करते. उद्यापासून येते म्हणून सांगते.” आणि तिने खरंच फोन लावला. माझा जीव टांगणीला. घंटा वाजत राहिली, पलीकडून कुणी उचलला नाही. “करतील ते,” म्हणाली आणि फोन खिडकीत ठेवला. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते ती खांद्याने पुसत होती, कारण हात तेलकट होते.

मला रडणारी माणसं बघवत नाहीत. मला राग येतो. मला तिचा राग आला, मॅनेजरचा आला, चष्मेवाल्यांच्या खांद्यांचा आला. घोडं कुठं पेंड खातंय ते कळेना, म्हणून जास्तच आला. मी चपला भिरकावल्या.

“सर बाजूला! मीच झोपते. बघू दे तरी तुझ्या हातांना काय धाड भरलीय ती.”

“ताई, तू? तू कधी पाच मिनिटं...”

“झोपते म्हटलं ना!”

कपड्यांनिशी टेबलावर चढले, पालथी पडले, तोंड भोकात घातलं. आणि खाली पाहिलं.

फरशी चालत होती!

हाताच्या अंतरावर, टेबलाखालच्या दिव्याने उजळलेली, पांढऱ्यावर काळी-तपकिरी माझी लाडकी चिप. उभं राहून बघावं तर नाजूक नक्षी. पण मान हलत नाही, नजर हलत नाही, आणि नाकासमोर एवढ्या जवळ ते ठिपके! आधी एक कोपरा वळवळला. मग दुसरा. मग अख्खी रांग डावीकडून निघाली आणि उजवीकडे वळली. डोळे मिटले तर पापण्यांच्या आत पांढऱ्या मुंग्या चालू. माझ्या मानेवर काटा आला, पायाची बोटं आपोआप आकसली.

“आई!” मी तिथूनच किंचाळले. “आई, तुमच्या मुंग्या सापडल्या!”

सासूबाई आणि हे दोघे धावत आले. मी उठून बसले आणि मला हसू फुटलं. असं हसू की टेबल हलायला लागलं. “फरशी आहे ती! माझी फरशी! तिने सगळ्यांना पळवलं! धाकटे, तुझ्या हातांचा काही दोष नाही गं, तू वरून माणसाला सैल करत होतीस आणि मी खालून त्याला मुंग्या लावत होते!”

“मी सांगत होते,” सासूबाई म्हणाल्या. “चष्मा नव्हता म्हणे.”

ह्यांनी वाकून भोकातून पाहिलं आणि लगेच तोंड मागे घेतलं. “बोटच ही! अगं, पण हे तुला आधी कसं नाही दिसलं?”

कसं दिसेल? मी त्या खोलीत उभी राहिले, फिरले, स्टुलावर चढले, खुर्चीत बसून चहा प्यायले. प्रत्येक कोपऱ्यातून पाहिली खोली. पण जो माणूस या खोलीत येणार, तो येणार तोच पालथा पडायला, हे माझ्या टाळक्यात आलं नाही. त्याला माझ्या भिंती दिसणार नव्हत्या, वेल दिसणार नव्हता. त्याची सगळी खोली म्हणजे ते भोक आणि त्यातून दिसणारी वीतभर फरशी.

“आणि तू गं?” मी धाकटीवर उलटले. “मी अडाणी. पण तुझा तर जन्म गेला यात. टेबलाखाली काय असावं, तुला कळू नये?”

ती गोंधळून म्हणाली, “मी कुठं बघणार, ताई? मी कायम टेबलाच्या बाजूला उभी.”

“पण तू स्वतः कधी झोपली असशील की!”

ती चादरीची घडी सारखी करायला लागली.

“कधीच नाही?” सासूबाईंनी विचारलं.

“तिथली टेबलं गिऱ्हाइकांसाठी असतात, आई. आम्हाला परवानगी नसते. आणि घरी येऊन कुणाला सांगणार, माझी पाठ दुखते म्हणून? मसाजवालीची पाठ.” ती हसली, पण ते हसू काही खरं नव्हतं.

मला तोंडात मारल्यासारखं झालं. आमच्याच घरात राहते ही. माझी मान धरली की हिने दाबून द्यायची, सासूबाईंचे गुडघे हिने चोळायचे, ह्यांच्या पायात गोळा आला की रात्री हाक हिलाच. आणि हिच्या पाठीवर आजवर कुणी हात ठेवला नव्हता. मला स्वतःचीच अशी लाज वाटली की काय सांगू. आणि मला लाज वाटली की मी कामाला लागते.

वळणावरचा पडदा मी ओढून काढला. कड्या तुटल्या, तुटू देत. शेवाळी, एका रंगाचा, एक रेघ नाही त्याच्यावर. चार घड्या करून टेबलाखाली पसरला आणि माझा तो लाडका लपवलेला दिवा बंद केला. पडदा गेल्याबरोबर रस्त्यावरचे भोंगे आत यायला लागले, पण ते उद्या बघता आलं असतं.

“झोप,” मी धाकटीला म्हटलं.

“मी? छे, ताई! आईंना झोपव.”

“मी नाही बाई,” सासूबाई म्हणाल्या. “एकदा धडा घेतलाय मी. झोप, धाकटे. लोकांना झोपवायचंय ना उद्यापासून? मग त्यांना खाली काय दिसतं ते कळायला नको तुला?” आणि बांगड्या काढून त्यांनी पदर कमरेला खोचला. “तेल दे थोरले.”

“आई, तुम्ही?”

“दोन पोरं तेल चोळून वाढवलीत मी. एक हा बघ, बँकेत उभा झोपतो.” ह्यांना त्यांनी बाहेर पिटाळलं.

धाकटी झोपली. आधी लाकडासारखी. तोंड भोकात, हात अंगाला चिकटलेले. सासूबाईंनी तिच्या पाठीवर तेलाचे हात ठेवले आणि तिने खालूनच सूचना सुरू केल्या. “आई, अंगठा नको, तळवा. वरून खाली नाही, खालून वर. ताई, चादर पायांवर घे. आई, तुमचीच कंबर धरेल, जरा टेकून...”

“गप पड!” सासूबाई म्हणाल्या.

“हो. पण मणक्यावर नको हं. बाजूने. हां. तिथं.” मग थोडा वेळ काही नाही. मग अर्धवट, “तिथं...” मग नुसता श्वास. तिच्या मुठी उघडल्या. सासूबाईंच्या हाताखाली ती पाठ खाली खाली गेली, आणि सासूबाईंनी माझ्याकडे बघून ओठ मिटूनच सांगितलं, बघ. त्यांच्या तोंडावर अशी खुशी की जणू पहिलं नातवंड हातात दिलंय.

आणि खिडकीत फोन वाजला.

मॅनेजर. मी दात-ओठ खाल्ले. वाटलं, वेलात फेकून द्यावा. पण फोन तिचा, उत्तरही तिचं.

“हॉटेलातून आहे,” मी हळूच सांगितलं. “बंद करू?”

“नको,” भोकातून आवाज आला. “दे.”

तिचे हात काही वर येईनात. म्हणून मीच खाली बसले, मग आडवी झाले, आणि त्या शेवाळी घडीवर उताणी पडून फोन वर धरला. वर त्या गोल भोकात धाकटीचा चेहरा, गाल दाबलेले, नाक लाल. डोळ्यांतलं पाणी सरळ माझ्या कपाळावर पडत होतं आणि ती हसत होती.

“हां सर, मीच केला होता. नाही, येणार नाही मी. हो, नक्की. विचार झाला सर.” पलीकडचा माणूस बराच वेळ काहीतरी समजावत राहिला. तिने डोळे मिटले, पुन्हा उघडले, आणि मला बघून तिला आणखीच हसू यायला लागलं. “सर, मला आत्ता जास्त बोलता येणार नाही. माझ्या सासूबाई माझी पाठ चोळतायत.”